सुगडांची पारख

"नळाखाली धरलं आणि हातात दोन तुकडे राहिले," फोनमधून आवाज आला. "पूजेआधीच सुगड फुटतं म्हणजे आम्ही काय समजायचं, सांगा तुम्हीच."

कल्याणीचे दोन्ही हात पेंढ्यात होते, म्हणून फोन पडवीच्या कट्ट्यावर ठेवून तिनं आवाज मोठा केला होता. बोलणाऱ्या बाई ठाण्याच्या, नाडकर्णी आडनावाच्या. मी समोर बसून खोक्यांना चिकटपट्टी लावत होतो. पलीकडं माझा थोरला भाऊ दामूदादा मान खाली घालून सुगडांवर टिचक्या मारत होता.

"काकू, मी दुसरा संच पाठवते. पैसे परत हवे असतील तर तेही..."

"पैशांचं नाही गं. शंभर रुपयांनी काय होतंय. पण पुढच्या महिन्यात मी तुझ्याकडून ती मोठी हंडी मागवणार होते, मटणाची. मुठीएवढं बोळकं ज्यांना धड जमत नाही त्यांची हंडी मी चुलीवर ठेवू का?"

फोन बंद झाला. कल्याणीनं वहीत एक रेघ ओढली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "अकरावा, नाना."

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. त्या आधी चौतीस वर्षं मी एस.टी.त कंडक्टर होतो, आणि थापाड्या वसंता म्हणून माझं नाव कराडपासून चिपळूणपर्यंत सगळ्या थांब्यांवर माहीत होतं. ते नाकारत नाही. पण इथं जे सांगतोय ते घडलं तसं सांगतोय, कारण यात मारलेल्या थापांतली एक अजून चालू आहे.

आम्ही कुंभार. घर कृष्णेच्या काठाला, चाक दामूदादाचं. मी तिकिटं फाडायला गेलो, तो मातीतच राहिला. कल्याणी ही त्याची सून. कराडच्या कॉलेजात शिकलेली. नवरा सतीश चाकणला कारखान्यात, ही इथं सासऱ्यापाशी. तिनं फोनवर दुकान काढलं होतं. हंड्या, तवे, दह्याची भांडी, सगळ्यांचे फोटो घालून. पहिलं वर्षभर लोक फोटो बघायचे, छान छान म्हणायचे आणि निघून जायचे.

मग एकदा ती मला म्हणाली, "नाना, त्या माणसानं मला कधी बघितलेलं नाही. तो माझ्याकडून नऊशेची हंडी कशी घेईल? त्याला आधी काहीतरी लहान घेऊ दे. गेलं तरी जीव हळहळणार नाही असं. ते धड पोचलं की मग त्याचा हात मोठ्या वस्तूकडं जाईल."

ते लहान म्हणजे सुगड. संक्रांतीला हरभरे, बोरं, उसाचे करवे भरून पुजतात ती काळी मडकी. शहरात ती मिळता मिळत नाहीत. पाच सुगडांचा संच नव्याण्णव रुपयांना, पेंढ्यात गुंडाळून घरपोच. त्यात कल्याणीला काही सुटत नव्हतं. पण पहिल्या संक्रांतीला चाळीस घरी सुगडं गेली, आणि उन्हाळ्यापर्यंत त्यातल्या एकोणीस घरांनी हंडी मागवली. त्या वर्षी, म्हणजे मी सांगतोय त्या वर्षी, पाचशे तीस घरांनी सुगड मागवलं होतं.

सतीशला हे पटत नव्हतं. त्यानं चाकणला दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. "संक्रांतीपर्यंत बघू," असा नवराबायकोचा करार झाला होता. सुगडं नीट पोचली तर चाक चालू राहील. नाही पोचली तर पंधरा जानेवारीचा टेम्पो ठरलेला, त्यात बायको, पोरगी आणि संसार. दामूदादाचं काय, हे कुणी बोललं नव्हतं. त्यानंही विचारलं नव्हतं.

आणि त्या दिवशी पाच तारीख होती. एकशे चाळीस संच गेले होते, त्यातले अकरा फुटके निघाले होते. उरलेले तीनशे नव्वद, बरेचसे बांधून आतल्या खोलीत रचलेले, बाकीचे बांधायचे. आठ तारखेला चार वाजता कुरियरची शेवटची गाडी, त्यानंतर निघालेलं भोगीच्या आत पोचणार नव्हतं.

"गाडीवाले फेकत असतील खोकी," मी म्हणालो.

"खोकं चेपलेलं असतं तर तसं म्हटलं असतं. सगळ्यांनी फोटो पाठवलेत. खोकी धडधाकट आहेत, नाना. एकाच सुगडाला तडा असतो, बाकी चार चांगली." ती उठून दामूदादाच्या समोर जाऊन बसली. "मामा, सगळी वाजवून घेतलीत ना?"

दादानं वर बघितलं. तिच्या तोंडाकडं बघत राहिला. "माझ्या हातनं तडकलेलं जाईल का, पोरी?"

साठ वर्षं आमच्या पंचक्रोशीत दामू कुंभाराचं मडकं गळालं असं कुणी म्हणालं नव्हतं. आवा, म्हणजे आमची भट्टी, उघडली की तो एकेक भांडं डाव्या तळहातावर घ्यायचा आणि उजव्या बोटानं टिचकी मारायचा. चांगलं असेल तर घंटेसारखं खणकतं. केसाएवढा तडा असेल तर आवाज बसका येतो. काळ्या भांड्यावर असा तडा डोळ्यांना दिसत नाही, तो कानालाच सापडतो. आणि मलाही सापडत नाही. चौतीस वर्षं इंजिनाशेजारी काढलेला माझा कान, मला दोन्ही सारखीच वाजतात. दुकानात सुगडाच्या फोटोखाली मीच लिहून दिलं होतं, 'दामू कुंभारांनी एकेक टिचकी मारून कानानं पारखलेलं.' आयुष्यात लिहिलेलं माझं ते एकमेव खरं वाक्य होतं, असं मी तेव्हा समजत होतो.

कल्याणी परत पेंढ्यापाशी आली. मला शांतता सोसत नाही, म्हणून मी बिबट्याची गोष्ट काढली.

"कुंभार्ली घाटात एकदा बिबट्या चढला गाडीत. मागच्या दारानं. मी म्हटलं, उभं राहून प्रवास करायचा तर तिकीट पडंल. तो बसला की खाली. मग वय बघून अर्धं फाडलं."

कल्याणी हसली नाही. दादा सुगड वाजवता वाजवता मान हलवत म्हणाला, "असंल."

इथं मला थोडं मागं जायला हवं. मी सहा वर्षांचा होतो तेव्हापासून माझ्या प्रत्येक गोष्टीवर दामूदादाचं एकच उत्तर असायचं, "थाप." गोष्ट संपायच्या आतच. माझ्या लग्नात मी सासऱ्यांना काही सांगत होतो तर हा मांडवातून ओरडला होता, "थाप." पण गेल्या दिवाळीपासून तो "असंल" म्हणायला लागला होता. मला काय आनंद झाला होता. पारावर सांगत फिरलो, म्हातारपणी का होईना, भावाला माझं मोल कळलं.

त्या दुपारी मात्र ते "असंल" मला कुठंतरी टोचलं. मी त्याच्याकडं नीट बघितलं. तो टिचकी मारत होता, सुगड डावीकडच्या ढिगात ठेवत होता. टिचकी, डावीकडं. टिचकी, डावीकडं. उजवीकडं, टाकाऊ ढिगात, मघापासून एकही गेलं नव्हतं.

मी चिकटपट्टी खाली ठेवली. आवाज नेहमीसारखाच ठेवला.

"दादा, आठवतं का, तू लहानपणी पाटलाच्या विहिरीत पडला होतास. मी उडी टाकून तुला काढलं."

विहिरीत मी पडलो होतो. काढलं होतं त्यानं. कडेच्या दगडानं त्याचा खांदा फाटला होता, तो व्रण सदऱ्याच्या गळ्यातून अजून दिसायचा. ही एकच गोष्ट अशी होती की तिच्याशी मी साठ वर्षांत कधी खेळलो नव्हतो.

दादानं मान हलवली. "असंल," म्हणाला, आणि पुढचं सुगड उचललं.

म्हणजे त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. कल्याणी पाच पावलांवर बसलेली. बहिऱ्या माणसाला गुपित विचारायचं कसं? ओरडून विचारावं तर ते गुपित राहत नाही. मी सरकत सरकत त्याच्या चाकापाशी गेलो. तिथं मळलेल्या मातीचा गोळा होता. तो पाटावर थापून सपाट केला आणि पेंढ्याच्या काडीनं लिहिलं, 'ऐकू येत नाही?'

दादानं वाचलं. अंगठ्यानं सगळं पुसून टाकलं.

मी परत लिहिलं. त्यानं परत पुसलं, या वेळी सावकाश, तळहातानं.

"काय चाललंय दोघांचं?" कल्याणीनं विचारलं.

"नक्षी काढतोय. हंडीवर काढायची म्हणून."

"नाना, आज नको. हात जोडते."

मी तिसऱ्यांदा लिहायला गेलो तर दादानं काडी माझ्या हातातून घेतली. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, एकेक अक्षर कोरत राहिला. 'दिवाळीपासून.' मी वाचलं हे बघितलं, पुसलं, आणि खाली आणखी एक ओळ काढली. 'पोरीला नको.'

मग तीही पुसली आणि पुढचं सुगड तळहातावर घेऊन टिचकी मारली, जसं काही झालंच नव्हतं.

त्या रात्री जेवताना मी मनात हिशेब मांडला. सांगितलं नाही तर उरलेली सगळी सुगडं अशीच जाणार, आंधळी. ठिकठिकाणी बायका नळाखाली धरणार आणि हातात दोन तुकडे राहणार. पंधरा तारखेला टेम्पो भरणार. सांगितलं तरी टेम्पो भरणारच. सतीश म्हणेल, ज्याच्या कानावर दुकान होतं तो कानच गेला, आता कशाला थांबायचं? आणि कल्याणी? ती माझं वाक्य दुकानातून त्याच मिनिटाला काढून टाकेल. ती तशीच आहे. आणि मग दामूदादा आपल्याच घरात पाहुण्यासारखा बसून राहील.

सहा तारखेला सकाळी कल्याणी खोकी आणायला कराडला गेली. एस.टी. वळणावर दिसेनाशी झाली तसा मी दादाला धरून आव्यामागं नेलं. बरोबर दहा सुगडं आणि पाण्यानं भरलेली बादली. भांडं पाण्यात बुडवून काढलं की तड्याची रेघ गडद उमटते, ते मलाही दिसतं.

"मग सगळीच बुडवू या की," मी तोंडापुढं तोंड नेऊन, ओठ हलवत म्हणालो.

"भिजलेलं वाळायला चार दिवस," दादा म्हणाला. त्याचा आवाज नको तितका मोठा होता, मी हातानंच दाबला. "तसंच पेंढ्यात घातलं तर बुरशी येईल. पूजेला कोण घेईल?"

"मग एवढे दिवस कशावर पारखलंस?"

त्यानं बोटं दाखवली. "हाताला कळतंय असं वाटलं. साठ वर्षांचा हात."

त्यानं बोटांनी दहा सुगडं पारखली. आठ चांगली, दोन तडकलेली. मी एकेक बुडवलं. त्याच्या आठांतली तीन रेघ दाखवत वर आली.

दादानं ती तिन्ही आपल्या पुढ्यात मांडली आणि बघत बसला. मी बादलीतलं पाणी ओतून दिलं, काहीतरी करायचं म्हणून. वळून बघतो तर तो गुडघ्यांवर कोपरं टेकून वाकला होता. एक कोरडं सुगड दोन्ही हातांत धरून त्यावर कपाळ टेकवलेलं. रडत होता का, मला दिसत नव्हतं. नख मात्र सवयीनं सुगडावर वाजत होतं. टक. टक.

मग नख थांबलं.

परत टक. त्यानं सुगड खाली ठेवलं, रेघ उमटलेल्यांतलं एक उचललं, कपाळाला लावलं. टक. पहिलं परत घेतलं. टक. मान वर केली तेव्हा त्याचं तोंड मला ओळखू येईना.

"कपाळात वाजतंय," तो म्हणाला. म्हणाला कसलं, नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा ओरडला. मी धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

खोलीतून आणखी वीस आणली. कपाळ, टिचकी, डावीकडं. कपाळ, टिचकी, उजवीकडं. मी परत बादली भरली. वीसच्या वीस बरोबर निघाली. ज्यात तो उजवीकडं म्हणाला त्यात रेघ, डावीकडं म्हणाला त्यात नाही.

आता तीनशे नव्वद संच परत पारखायचे होते. सुगडं साडेएकोणीसशे. दिवस दोन, कारण आठ तारखेला दुपारपर्यंत खोकी बांधून व्हायला हवी होती. आणि बांधलेली खोकी का उघडायची, हे कल्याणीला सांगायचं होतं.

ती उतरली तेव्हा मी थांब्यावरच उभा होतो. तिच्या डोक्यावरचा गठ्ठा घेतला.

"एक सांगायचंय," मी म्हणालो. "गेल्या आठवड्यात मला पाय पसरायला जागा नव्हती, म्हणून दादाचा टाकाऊ ढीग मी उचलून आतल्या खोलीत ठेवला. चांगल्यांत मिसळला असणार."

ती चालायची थांबली. "कधी?"

"गेल्या मंगळवारी."

"आणि अकरा फोन येईपर्यंत गप्प बसलात?"

"आठवलं नाही."

"तुम्हाला बिबट्याचं वय आठवतं, नाना." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी लोकांशी काय बोलतेय, ऐकताय ना तुम्ही रोज? उद्यापासून पडवीत यायचं नाही. खोक्यांना हात लावायचा नाही. दुकानासाठी एक अक्षर लिहायचं नाही. मामा सगळी परत पारखतील. तुम्ही लांब राहा."

मी लांब राहिलो. रस्त्यापलीकडं एक कट्टा आहे, तिथून पडवी सगळी दिसते. सात तारखेला उजाडल्यापासून दादा बसला होता. सुगड दोन्ही हातांनी उचलायचा, कपाळाला लावायचा, डोळे मिटायचा, टिचकी. कल्याणी शेजारी पेंढा भरत होती. तासाभरानं तिचा हात थांबला. तिनं बराच वेळ बघितलं. दादाच्या कपाळावर सुगडाची काजळी लागून रुपयाएवढा काळा डाग पडला होता.

"मामा, हे काय करताय?"

दादा डोळे मिटून होता. तिनं परत विचारलं, जरा मोठ्यानं. मी रस्त्यापलीकडून ओरडलो, "नमस्कार करतोय."

तिनं माझ्याकडं बघितलं.

"अकरा घरची पूजेची सुगडं फुटली," मी म्हणालो. "मनाला लागलंय त्याच्या. म्हणाला, आता एकेकाला नमस्कार केल्याशिवाय घराबाहेर सोडायचं नाही." आणि दादानं डोळे उघडले तसे मी त्याला दिसतील असे हात जोडून कपाळाला लावले. तो पोचलेला माणूस. गंभीरपणे मान हलवली आणि पुढचं सुगड उचललं.

कल्याणी थोड्या वेळानं उठली, फोन घेतला आणि त्याच्यासमोर धरून उभी राहिली. दोन मिनिटं चित्रीकरण करत होती. तेवढ्यात मी किती देव आठवले ते सांगत नाही.

आठ तारखेला अकराला सतीश आला. दादाचं पारखून संपलं होतं. टाकाऊ ढीग पडवीच्या कोपऱ्यात कमरेएवढा. कल्याणी वही घेऊन बसली होती. नाडकर्णी बाई धरून ज्यांची फुटली होती त्या अकरांना परत पाठवून, त्रेसष्ट घरांना द्यायला सुगड उरत नव्हतं.

सतीशनं टाकाऊ ढिगातलं एक उचलून उन्हात फिरवलं. "कुठं तडा आहे याला?"

"आहे," दादा म्हणाला. सतीश समोरच उभा होता, ओठ बघून दादाला कळलं.

"मला दिसत नाही. कुणालाच दिसत नाही. भर ही आणि पाठवून दे," तो कल्याणीला म्हणाला. "सगळी थोडीच फुटणार आहेत? त्रेसष्टातली दहा फुटतील. नाहीतरी पंधराला निघायचंच आहे, कोण विचारायला येतंय?"

दादानं मुलाकडं बघितलं, मग सुनेकडं. हात मांडीवर, कपाळावर तो काळा डाग. मी कट्ट्यावर उभा राहिलो होतो, कधी ते मला कळलं नाही.

कल्याणीनं फोन उचलला आणि पहिला नंबर लावला. "नमस्कार, मी सुगडवाली कल्याणी. तुमचा संच आम्ही पाठवू शकत नाही. हो, पारखताना नापास झाली. पैसे आज परत करते. नाही हो, चांगली दिसतात, पण मामा नाही म्हणाले." मग दुसरा नंबर. मग तिसरा. काहींनी चार शब्द ऐकवले, तिनं ऐकून घेतले. त्रेसष्ट फोन झाले तेव्हा दोन वाजून गेले होते. सतीशनं मध्येच सदरा काढून ठेवला आणि खोकी बांधायला बसला, पण तोंड फुगलेलंच होतं.

चार वाजता गाडी आली. शेवटचं खोकं चढलं तेव्हा सतीश म्हणाला, "भोगीपर्यंत थांबतो. एक जरी फुटलं म्हणून फोन आला..."

"एक जरी आला," कल्याणी म्हणाली, "तर मी स्वतः चाकणला न्यायची भांडी भरायला घेईन. तुला सांगावं लागणार नाही."

पुढचे पाच दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. फोन पडवीच्या कट्ट्यावर, मी रस्त्यापलीकडं. वाजला की मी उभा राहायचो. पोचलं, पोचलं, पोचलं. बारा तारखेला एक फोन आला, कल्याणीनं ऐकता ऐकता डोळे मिटले आणि सतीशनं तिच्याकडं वळून बघितलं. एकाच्या दारात चुकून दुसऱ्याचं खोकं गेलं होतं, एवढंच.

भोगीला सकाळी दहाच्या सुमारास नाडकर्णी बाईंचा फोन आला. कल्याणीनं आवाज मोठा केला.

"पोचली गं. धुतली, पुसली, हरभरे भरून बघितले, उद्याची तयारी म्हणून. एकही फुटलं नाही."

सतीश भाकरी मोडता मोडता थांबला होता.

"आणि तू पाठवलेला तो व्हिडिओ बघितला. ते आजोबा एकेक सुगड कपाळाला लावतात तो. माझ्या जाऊबाईंना पाठवला, त्या रडल्या बघून. आजोबांच्या कपाळाला काळं लागलंय, ते पुसा गं कुणीतरी. आणि ऐक, संक्रांत झाली की हंडी पाठव. मोठी. जाऊबाईंना पण एक."

कल्याणी "हो काकू" म्हणाली आणि फोन ठेवला. मग ओला कपडा घेऊन दादापाशी गेली आणि त्याचं कपाळ पुसायला लागली. डाग निघत नव्हता. ती घासत राहिली. सतीश उठून अंगणात गेला, आणि मला ऐकू येईल एवढ्या आवाजात टेम्पोवाल्याशी फोनवर बोलला. पंधराचं राहू दे म्हणाला. कधी करायचं ते नंतर कळवतो. अजून कळवलेलं नाही.

दामूदादा त्यानंतर पाच वर्षं चाकावर बसला. कल्याणी त्याला कधी मागून हाक मारायची नाही, काही सांगायचं असलं की पुढ्यात जाऊन बसायची. सुनेची रीत म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. तीन वर्षांपूर्वी दादा गेला, आश्विनात, दोन दिवस तापानं.

आता नदीकाठी पत्र्याची मोठी शेड आहे. चौदा बायका कामाला आहेत, सगळ्यांचे कान ठणठणीत. तरी पाठवण्याआधी प्रत्येक सुगड त्या कपाळाला लावतात, कारण दुकानात तसं लिहिलंय आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या संचाचा तसा व्हिडिओ जातो. मी बघतो आणि गप्प बसतो. माझ्या आजवरच्या थापांमध्ये एवढी जगलेली दुसरी नाही.

गेल्या संक्रांतीला नाशिकच्या एका बाईंकडून खोकं परत आलं. आत चिठ्ठी, 'सुगडं उत्तम आहेत, पण आमच्या व्हिडिओत यांना नमस्कार केलेला दिसला नाही.' बायका हसत सुटल्या. मी दारात उभा होतो, कल्याणीला म्हणालो, "तेच खोकं तसंच परत पाठव, तिला काय कळतंय?"

कल्याणीनं खोकं उघडलं. एकेक सुगड काढून कपाळाला लावलं, डोळे मिटले, नखानं टिचकी मारली. घाई नाही. पाचवं लावताना ती जरा जास्तच थांबली.

"तू कशाला टिचकी मारतेस?" मी म्हणालो. "नुसता नमस्कार पुरे झाला असता."

"आत वाजतं ते ऐकत होते." तिनं सुगड पेंढ्यात ठेवलं. "मामांनी मला दाखवलं होतं. नऊ तारखेला सकाळी, गाडी गेल्यावर दुसऱ्या दिवशी. म्हणाले, वसंता थापा मारतो, पण तुला फसवायला नको." मग तिनं चिकटपट्टी ओढली, दातानं तोडली आणि खोकं बंद केलं. "पत्ता सांगा नाना, चिठ्ठीच्या मागं आहे."